जुने काडतूस: वापरावे की जपावे?



एखादी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा या व्याख्यानमालेतला आपला धागा आहे. आतापर्यंत आपण वाडा पाहिला, पोथी पाहिली, नाणे पाहिले. या तिन्हींत एक सोय होती. वाड्यात राहून वाडा जपता येतो. पोथी वाचून पुन्हा बासनात बांधता येते. म्हणजे वापर आणि जतन यांचा संसार भांडत का होईना, एकत्र चालतो. आज आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेतले आहे की जिथे हा संसार चालतच नाही. एकदा वापरले की संपले. ते उदाहरण म्हणजे जुने लष्करी काडतूस.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना काडतुसांशी काय देणेघेणे, असे काहींच्या मनात येईल. येऊ द्या. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत हजारो लोकांपुढे हा प्रश्न खरोखर उभा असतो. तिथे कायद्याच्या चौकटीत राहून जुन्या लष्करी रायफलींनी निशाणेबाजी करता येते. दोन महायुद्धांत आणि नंतरच्या शीतयुद्धात सैन्यांनी अफाट दारूगोळा बनवला, साठवला, आणि गरज सरल्यावर विकून टाकला. यालाच तिकडे 'सर्प्लस' म्हणतात. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या काडतुसांचा डबा माणसाच्या हाती येतो आणि तो विचारतो, हे झाडून टाकू की जपून ठेवू?

आपला या गोष्टीशी थेट संबंध आहे. ज्याला आपण 'थ्री नॉट थ्री' म्हणतो, ती ली-एनफील्ड रायफल आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके होती. तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनत. हा कारखाना १८६९ चा. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ ही अक्षरे आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. परदेशातला संग्राहक ती दोन अक्षरे पाहतो आणि 'किरकी' म्हणतो. आपले गाव त्याला ठाऊक आहे ते असे, पितळेच्या बुडावरून.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्राइमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की रायफलीची सुई प्राइमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते, वायूचा दाब गोळीला ढकलतो. गोळी नळीतून जाते, पुंगळी मागे उरते.

थ्री नॉट थ्रीचेच पाहा. १८८८ साली हे काडतूस आले तेव्हा त्यात काळी दारू होती. लवकरच कॉर्डाइट आले. नायट्रोग्लिसरीन, नायट्रोसेल्युलोज आणि थोडे व्हॅसलीन यांचे मिश्रण, शेवयांसारखे बारीक. आतली ही जुडी पाहिली तर कोणालाही उन्हाळ्याची वाळवणे आठवतील. गंमत म्हणजे पुंगळीचे तोंड अरुंद करण्याच्या आधीच ही जुडी आत ठेवत आणि मग मान आवळत. १९१० साली 'मार्क सात' आला. टोकदार गोळी, वजन १७४ ग्रेन, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम, आणि युद्धात धातूची चणचण झाली तेव्हा लाकडाचा किंवा कागदाचा दाबलेला लगदा. बाहेरून दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतात. युद्धाने एका देशाची किती ओढाताण केली, हे त्या गोळीच्या पोटात लिहिलेले असते.

म्हणजे बघा, काडतूस दोन कामे करते. एक, ते उडते. दोन, ते सांगते. कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली, कोणत्या धातूने, कोणत्या घाईत आपण बनलो, हे सांगते. आजचा प्रश्न या दोन कामांमधला आहे.

'ते उडवण्यासाठीच बनले आहे' हा युक्तिवाद

झाडून टाका म्हणणाऱ्यांचा आवडता मुद्दा असा: काडतूस उडवण्यासाठी बनले, मग ते कपाटात ठेवणे म्हणजे त्याच्या हेतूचा अपमान. ऐकायला हा ॲरिस्टॉटलसारखा वाटतो. प्रत्येक वस्तूला तिचे प्रयोजन असते, त्या प्रयोजनात तिची सार्थकता.

पण जरा थांबा. १९४३ सालच्या त्या काडतुसाचे प्रयोजन काय होते? रविवारी सकाळी कागदी चकतीला भोक पाडणे हे नक्कीच नव्हते. शत्रूचा सैनिक मारणे हे होते. ते प्रयोजन युद्धाबरोबर संपले, आणि संपले हे बरेच झाले. आता उरला तो नवा उपयोग, आपण दिलेला. निशाणेबाजी हा नवा उपयोग आहे, आणि अभ्यासासाठी जपणे हाही नवाच. दोघांपैकी कोणालाही मूळ हेतूचा दाखला देऊन वरचढ होता येत नाही. तेव्हा हा युक्तिवाद बाजूला ठेवू.

उलट बाजूचा युक्तिवाद असा की जुने ते सारेच पवित्र, एकही काडतूस उडवू नये. हाही टिकत नाही. कारण काडतूस कपाटात ठेवले म्हणजे ते आहे तसे राहते, हे त्यात गृहीत धरलेले आहे. ते तसे राहत नाही.

कपाटातही घड्याळ चालूच असते

धूरविरहित दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हा आहे. हा पदार्थ स्वतःहून, हळूहळू विघटित होतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात, ओलाव्याशी मिळून आम्ल होते, आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. एकदा चक्र लागले की ते स्वतःलाच ढकलत राहते. म्हणून दारूत डायफिनाइलअमीनसारखे स्थिरक घालतात. ते ही ऑक्साइडे शोषून घेते. पण स्थिरक म्हणजे कणगीतले धान्य, रोज थोडे खर्च होते. उष्णता जास्त तर खर्च जास्त. थंड कोरड्या तळघरातला डबा आणि पत्र्याखालच्या माळ्यावरचा डबा, साल एकच असले तरी वय एक नाही.

हे रसायन किती उग्र होऊ शकते ते फ्रान्सच्या नौदलाने पाहिले. तूलाँच्या बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या युद्धनौकांच्या कोठारांत स्फोट झाले. 'पूद्र बे' या फ्रेंच दारूचे विघटन हे त्यामागचे कारण मानले गेले. चार काडतुसांनी युद्धनौकेसारखे काही होणार नाही, भ्यायचे कारण नाही. पण रसायन तेच आहे. छोट्या काडतुसात ते आम्ल पुंगळीला आतून खाते. बाहेर पितळ लखलखीत आणि आत गोळीच्या बुडाशी हिरवा थर.

पुंगळीच्या फुटण्याची दुसरी एक कथा तर आपल्याच मातीतली आहे. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावण्यांत पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवत. पावसाळा सरला की पाहावे तर पितळेला भेगा. ऋतूबरोबर येणाऱ्या म्हणून त्या भेगांचे नाव पडले 'सीझन क्रॅकिंग'. म्हणजे धातुशास्त्रातले हे नाव आपल्या मृगा-आर्द्रांनी दिले म्हणायला हरकत नाही. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा, आणि पुंगळी थंड अवस्थेत ओढून घडवताना पितळात राहिलेला ताण, अशा तिघांची ही करणी आहे. पितळ योग्य तापमानाला तापवून तो ताण काढला की भेगा थांबतात.

यातून आजच्या संग्राहकाने एक धडा घ्यायचा. जुनी काडतुसे घासूनपुसून चकचकीत करू नयेत. आपल्याकडे पितळ दिसले की हात चिंचेकडे जातो. तो आवरावा. घासण्याने खुणा जातात, लाखेचा रंग जातो, आणि धातूच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो. म्हणजे पुन्हा तबेलाच.

मग ठरवायचे कसे?

आमच्या मते इथे 'माझी इच्छा काय' हा प्रश्न शेवटी येतो. आधी तीन प्रश्न विचारावेत, आणि त्यांचा क्रम बदलू नये.

पहिला प्रश्न: हे काडतूस निरोगी आहे का?

पुंगळीच्या मानेवर भेग, हिरवी बुरशीसारखी वाढ, सैल झालेली गोळी, डबा उघडताच नाकाला झोंबणारा आंबट वास, पाण्यात भिजल्याच्या खुणा, किंवा कुठे आणि कसे साठवले याचा काहीच पत्ता नसणे, यांतले एक जरी असेल तर ते उडवायचे नाही. अशा दारूचा दाब कधी कमी भरतो, कधी जास्त. भरवसा नाही. कमी भरला तर गोळी नळीतच अडकते, आणि त्यामागे दुसरी झाडली तर रायफल फुटू शकते. कधी चाप ओढल्यावर काहीच होत नाही, आणि क्षणभराने बार उडतो. पाकिस्तानच्या सरकारी कारखान्याची जुनी थ्री नॉट थ्री काडतुसे अशा उशिरा पेटण्याबद्दल निशाणेबाजांत बदनाम आहेत. म्हणून नियम असा: बार उडाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवायची, निदान ३० सेकंद थांबायचे, मगच बोल्ट उघडायचा. आणि आवाज फुसका आला तर तिथेच थांबून नळी तपासायची.

आजारी काडतूस उडवायचे नाही आणि जपायचेही नाही. ते अधिकाऱ्यांच्या हवाली करायचे. वापर आणि जतन यांच्या वादात ही तिसरी वाट लोक विसरतात.

दुसरा प्रश्न: हे काय आहे, ते मला वाचता आले का?

बुडावरची अक्षरे, आकडे, मार्क. मार्क सातच्या पुढे इंग्रजी झेड असेल तर आत कॉर्डाइट नसून नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. प्राइमरभोवतीच्या लाखेचा रंग पाहावा. ब्रिटिश पद्धतीत जांभळा म्हणजे साधी गोळी, लाल म्हणजे ट्रेसर, हिरवा म्हणजे चिलखतभेदी, निळा म्हणजे आग लावणारी. अमेरिकी काडतुसांत गोळीच्या टोकाचा रंग बोलतो. तिथे काळे टोक म्हणजे चिलखतभेदी. ट्रेसर किंवा आग लावणारी गोळी वाळल्या गवतावर झाडली तर काय होईल, हे सांगायला नको. ब्रिटनमध्ये तर चिलखतभेदी आणि आग लावणाऱ्या गोळ्या १९६८ च्या कायद्याखाली निषिद्ध वर्गात येतात.

वाचनाचा आणखी एक भाग प्राइमरचा. बहुतेक जुन्या लष्करी प्राइमरांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते आणि नळीत बसते. हे आपल्या मिठाचे भावंड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ना, तसेच ते हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद गंजवते. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून अशी काडतुसे झाडल्यावर नळी आधी गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, आणि मग तेल लावायचे. अमेरिकेची 'थर्टी ओ सिक्स' काडतुसे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतांशी अशीच, पण त्याच सैन्याच्या एम वन कार्बाइनची काडतुसे सुरुवातीपासून न गंजवणारी. एकाच देशात, एकाच युद्धात दोन रिती. 'अमेरिकी आहे, चालेल' असा ढोबळ शेरा इथे कामाचा नाही. आणि स्वस्त पडते म्हणून जुने काडतूस झाडणाऱ्याने नळीची किंमत हिशेबात धरावी.

तिसरा प्रश्न: याच्यासारखी आणखी किती आहेत?

इथे न्यायशास्त्रातले दोन शब्द उपयोगी पडतात, जाती आणि व्यक्ती. 'खडकी, १९४३, मार्क सात' ही जाती. माझ्या तळहातावरचे काडतूस ही व्यक्ती. व्यक्ती उडाली तरी जाती राहते, जोवर दुसऱ्या व्यक्ती शिल्लक आहेत तोवर. माल लाखोंनी शिल्लक असेल, निरोगी असेल, तर त्यातले दहा-वीस निशाणावर झाडल्याने ज्ञानाचे काही नुकसान होत नाही. उलट इतक्या वर्षांनी दारू कशी वागते, हे कळते. ग्रीसमधल्या, बुडावर एचएक्सपी अक्षरे असलेल्या काडतुसांचे असेच झाले. अमेरिकेत ती नागरिकांना वर्षानुवर्षे विकली गेली, लोकांनी झाडली, आणि चांगली म्हणून नाव झाले. त्यात हळहळण्यासारखे काही नाही.

पण थोड्या दिवसांसाठी बनलेला प्रयोग, कारखान्याचे पहिले किंवा शेवटचे साल, किंवा ज्याचा उलगडाच होत नाही असे बूड, हे झाडू नये. न्यायशास्त्रात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. वस्तू निर्माण होण्याआधीचा तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. चाप ओढला त्या क्षणी या अभावाचा आरंभ होतो, आणि तो कधीही संपत नाही. न झाडण्याचा निर्णय उद्या बदलता येतो, झाडण्याचा नाही. म्हणून शंका असेल तर थांबण्याच्या बाजूला झुकावे. हा भित्रेपणा नव्हे, साधा हिशेब आहे.

आता 'ढीगभर आहेत' या वाक्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातून सोव्हिएत धर्तीची काडतुसे पत्र्याच्या सीलबंद डब्यांत आली, एकेका डब्यात ४४०. डबा उघडायच्या पत्र्याच्या किल्लीसकट. स्वस्त होती. प्रत्येकाने म्हटले, ढीगभर आहेत. प्रत्येकाचे म्हणणे त्या क्षणी खरेच होते. पण सगळ्यांनी तेच म्हटले की ढीग संपतो, आणि तो कोणी संपवला हे कोणालाच सांगता येत नाही. आपल्याकडे विहिरींचे हेच झाले. म्हणून आम्ही सुचवू तो नियम असा: जे झाडाल त्याचे एक मूळ पॅकिंग, न उघडलेले, चिठ्ठीसकट, बाजूला ठेवा. पाच काडतुसांची क्लिप, पन्नासांचा कापडी पट्टा, वरचे छापील लेबल, हे सुट्या काडतुसापेक्षा जास्त बोलतात आणि आधी फेकले जातात. जे झाडणार त्याचेही आधी फोटो काढा, बुडावरची अक्षरे लिहून ठेवा. काडतुसांचे अभ्यासक युरोपात आणि अमेरिकेत संस्था चालवतात, नोंदी प्रसिद्ध करतात. त्यांना तुमची एक ओळही उपयोगी पडते.

आजोबांचे काडतूस

एक अवघड जागा राहिली. काडतूस दुर्मीळ नाही, पण ते आजोबांचे आहे. महाराष्ट्रातून, विशेषतः सातारा, कोल्हापूर, कोकण या भागांतून, कित्येक माणसे दोन्ही महायुद्धांत मेसोपोटेमिया, इटली, ब्रह्मदेश इथवर लढून आली. एखाद्या ट्रंकेत पदकाशेजारी दोन काडतुसे निघू शकतात. ती झाडायची की जपायची?

इथे जपायची आहे ती आठवण, आणि आठवणीला जिवंत दारू लागत नाही. आजोबांच्या हाताचा स्पर्श पितळेला झाला होता, आतल्या दारूला नाही. संग्रहालये अशी काडतुसे तज्ज्ञांकडून निष्क्रिय करून घेऊन मांडतात, आणि पाहणाऱ्याचे त्यात काहीही कमी होत नाही. पण हे काम तज्ज्ञांचेच. घरी करवत, ड्रिल, पक्कड लावायची नाही.

आणि आपल्या देशात तर निवडीला वावच कमी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिवंत काडतूस जवळ बाळगायला परवाना लागतो. ते किती जुने आहे आणि कोणाचे आहे, याने फरक पडत नाही. ट्रंकेत काडतूस सापडले तर मुलांच्या हाती देऊ नका, चुलीत टाकू नका, भंगारवाल्याला विकू नका. हलवाहलव न करता पोलीस ठाण्याला कळवा. लष्कराच्या सराव क्षेत्रांजवळ भंगारासाठी न फुटलेले गोळे उघडताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. चार किलो पितळापायी घर उघडे पडते. पोलिसांना कळवण्याआधी फार तर दुरून एक फोटो घ्या, बुडावरची अक्षरे त्यात आली तर उत्तम. पदक, पत्रे, पेन्शनचे पुस्तक मात्र घरीच जपा, आणि त्यांच्यासोबत आजोबा कोणत्या पलटणीत होते ते लिहून ठेवा. नातवंडांना ते काडतुसापेक्षा अधिक सांगेल.

तर आजचा हिशेब असा मांडू. आजारी असेल तर हवाली करा. कळले नसेल तर थांबा. दुर्मीळ असेल तर जपा. निरोगी, ओळखीचे आणि मुबलक असेल, कायद्याची परवानगी असेल, तर थोडे मागे ठेवून खुशाल झाडा आणि नळी पाण्याने धुवा. आवडनिवड येते ती या चौथ्या पायरीवर. तिथे मात्र ज्याचे काडतूस त्याची मर्जी, त्याला कोणी नैतिकतेचे धडे देऊ नयेत, आम्हीही देणार नाही.

पुढच्या वेळी आपण मोडक्या वाद्यांचा प्रश्न घेणार आहोत. जुनी सतार वाजती करावी की तशीच ठेवावी? तिथे दुरुस्ती हाच एक प्रकारचा नाश असतो का, ते पाहू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.